नाखव्याच्या होडीतलं इंजिन

परवा मिक्सर दुरुस्तीला टाकायला वालीवला गेले होते. शेजारच्या गाळ्यात साखळीला टांगलेलं एक उघडं इंजिन हलकेच झुलत होतं आणि त्यातून जळक्या तेलाचा दाट, काळपट वास येत होता.  मी दाराच्या चौकटीचा आधार घेतला, तेव्हा दुकानदाराला वाटलं, आजीबाईंना ऊन बाधलं. लोकांना या वासानं गॅरेज आठवत असेल, प्रवास आठवत असेल. मला समुद्र आठवतो, आणि समुद्राबरोबर माझा एक खोटेपणा.

लग्न होऊन मी समुद्राजवळच्या उमेळ्याला आले ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. माहेर घाटावरचं, कोरडं. विहिरीपेक्षा मोठं पाणी मी जवळून पाहिलेलं नव्हतं. सासरी केळीची बाग होती, पानवेलींचे मांडव होते आणि गोठ्याशेजारच्या पडवीत गोणपाटांखाली झाकलेली एक जुनी विलायती मोटार होती. सासऱ्यांनी ती पंचवीस वर्षं भाड्यानं चालवली होती. आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या आणि किती अडलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात पोचल्या, हे लोक मला आपणहून सांगत. पुढे तिच्या इंजिनाला तडा गेला, गिअरबॉक्सचे दाते झिजून गुळगुळीत झाले आणि ती थांबली. तसलं इंजिन बनायचं केव्हाच बंद झालेलं. सासरे मुंबईचे भंगारबाजार पालथे घालून यायचे आणि रिकाम्या हातांनी पडवीत जाऊन बसायचे. त्याच सुमारास त्यांचे कानही गेले. तोंडाजवळ ओरडून बोललेलं तेवढं कळे. बाकी सारं जग त्यांच्यापुरतं मुकं झालं होतं.

इंजिनाचा पत्ता अखेर लागला तो आमच्या दारावर येणाऱ्या मासळीवालीकडून. अर्नाळ्याच्या एका नाखव्यानं म्हणे आपल्या होडीत मोटारीचं इंजिन बसवलं होतं, गिअरबॉक्ससकट. सासरे दुसऱ्याच दिवशी जाऊन पाहून आले. तेच इंजिन, तीच जात! नाखव्याला नवं डिझेल इंजिन मिळणार होतं, म्हणून तो जुनं द्यायला तयार होता. प्रश्न एवढाच होता, की ते आतून कसं आहे. आणि ते कळायला कान हवेत.

"तू चल," सासरे मला म्हणाले. "तुझे कान तरुण आहेत."

माझ्या नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी नव्हती आणि या वेडात त्याला रसही नव्हता. वाटेत एसटीत सासऱ्यांनी मला शिकवलं. आवाज एकसारखा, भरीव आला तर हात वर करायचा. मधेच ठोका पडल्यासारखं वाटलं, तर मूठ दाखवायची. "तू सांगशील ते खरं," ते म्हणाले. मी मान हलवली. किनाऱ्यावर उभं राहून ऐकायचं आहे, अशी माझी समजूत होती.

नाखवा पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस. तो हसला. "सुकीवर काय कलनार, काका? पान्यात चालवून बगा, मंग न्या. ये बाय, बस. घाबरू नको."

माझं नाही म्हणायचं धाडस झालं नाही. नव्या सुनेच्या तोंडात 'नाही' हा शब्द सहज येत नसे. गुडघाभर पाण्यातून मला होडीत चढवलं. नाखवा, त्याचा भाऊ, सासरे आणि मी. हिवाळ्यातली सकाळ होती; जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा गार मतलई वारा सुटला होता आणि ओहोटी लागली होती. हँडल मारताच इंजिन गरजलं, होडीच्या फळ्या थरथरल्या आणि किनारा मागे सरकू लागला. समोर बेटावरचा किल्ला आला, बाजूला गेला, मागे पडला. मग पुढे काही उरलंच नाही. इतकं रितं, इतकं हलतं, इतकं बेफिकीर असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.  काठाची फळी मी अशी घट्ट धरली होती, की बोटं माझी आहेत हेच कळेना.

आणि मला ठोका ऐकू आला. सुरुवातीला पुसट होता. नाखव्यानं वेग वाढवला तसा तो स्पष्ट झाला. गर्जनेच्या पोटात खोल कुठेतरी ठक, ठक, जसं बंद पेटीचं झाकण कुणी आतून वाजवावं. सासऱ्यांचा हात इंजिनावर होता, पण सगळी होडीच थरथरत होती. त्यात हाताला वेगळं काय कळणार! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत केवढी आशा होती. मी मूठ दाखवली असती तर ते म्हणाले असते, पुन्हा चालवा, हळू चालवा, अजून एक फेरी मारा. मला एवढंच कळत होतं, की मला परत जायचं आहे, आत्ता, याच क्षणी. मी हात वर केला.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नाखव्याला खूण केली, अजून वेग दे. नाखव्यानं दिला. ठोका वाढला, घणासारखा झाला. मग एक कर्कश धडाका झाला, जळक्या तेलाचा दाट वास पसरला आणि इंजिन बंद पडलं. त्यानंतरच्या शांततेइतकी भयंकर शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. नुसतं पाणी फळ्यांवर चळचळत होतं आणि किल्ला हळूहळू लहान होत होता.

"बेरिंग गेला वाटतं," नाखव्याचा भाऊ म्हणाला. नाखव्यानं नांगर टाकला. दोर ताणला गेला, होडीला हिसका बसला. "आता वारा फिरेपर्यंत बसायचं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटंल, तवा शीड लावू."

"नांगर सुटला तर?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वल्ही जवळ ओढून ठेवली.

किती तास गेले, सांगता येणार नाही. प्रत्येक लाटेला दोर करकरे आणि प्रत्येक करकरीला माझं काळीज. एकदा होडी सरकल्याचं मला जाणवलं. नाखवाही उठून उभा राहिला होता, म्हणजे तो भास नव्हता. मग नांगर पुन्हा कुठेतरी रुतला. सासरे इंजिनाशेजारी खाली मान घालून बसले होते. मरायचंच असेल तर हे ओझं घेऊन नको, असं काहीसं माझ्या मनात आलं असावं. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी वर पाहिलं. मी मूठ पुढे केली.

त्यांनी मुठीकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी त्यांच्या कानाशी ओरडले. नाखव्यानंही ते ऐकलं असणार. मला रडू फुटलं. सासऱ्यांनी माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि नाखव्याकडे वळून म्हणाले, "नाखवा, वेग मी वाढवायला लावला. इंजिन माझ्यामुळे मोडलं. जसं आहे तसं मी घेतो. ठरल्या किमतीत काही कमी करणार नाही."

दुपारी गालावर ओलसर वारा लागला. नाखव्यानं शीड चढवलं आणि आम्ही किनाऱ्याला लागलो. वाळूवर पाय टेकले, तरी मला बराच वेळ जमीन हलल्यासारखीच वाटत होती.

इंजिन आणि गिअरबॉक्स बैलगाडीतून घरी आले. वालीवच्या एका लेथवाल्यानं शाफ्ट तासून दिला, बेअरिंगं नवी घातली आणि पाच-सहा महिन्यांनी मोटार खरोखर रस्त्यावर धावली. सासऱ्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्या दिवशीच. होडीतली गोष्ट त्यांनी घरात कुणालाही सांगितली नाही. माझ्यापाशीही तिचा उच्चार केला नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या गप्पपणाला मी कितीतरी दिवस घाबरून होते. मग एकदा बागेत पाणी सोडताना ते सहज म्हणाले, "तू निदान होडीतच सांगितलंस. तुझ्या जागी मी असतो तर घरी पोचल्यावरही सांगितलं नसतं." एवढंच, आणि ते पाण्याच्या पुढच्या दांडाकडे वळले.

ते गेले, बाग गेली. तिथे आता इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीत मी राहते. समुद्राची भीती मुलांना किनाऱ्यावर नेता-नेता कधी विरली, कळलंही नाही. पण नातवंडांपैकी कुणी शेजारी येऊन बसतं, एखाद्या नोकरीविषयी, एखाद्या मुलाविषयी विचारतं, "आजी, तुला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहत राहतं, तेव्हा मला सासऱ्यांची होडीतली ती नजर आठवते. माणसं आपल्यावर किती सहज विसंबतात!  मी आधी स्वतःला विचारून घेते, की जे सांगणार आहे ते खरं आहे, की मला फक्त यातून लवकर सुटायचं आहे.