साकव कोणी बांधायचा

फळ्यावर एकदा तक्ता काढला की मला तो देवानेच आखून दिल्यासारखा वाटायला लागतो. पावस गावाच्या आतल्या बाजूला, कातळावरच्या आमच्या शाळेत सहावीला स्थानिक शासन शिकवते, तेव्हाही तसंच होतं. गावातले दिवे आणि नळ ग्रामपंचायतीकडे, रस्ते आणि ओढ्यांवरचे साकव जिल्हा परिषदेकडे, एसटी राज्याकडे, टपाल केंद्राकडे. चार रंगांचे खडू, चार रकाने. मुलं मुकाट्याने वहीत उतरवून घेतात आणि मी खूश.

त्या वर्षी चाचणीत मी विचारलं, ‘साकव बांधण्याची जबाबदारी कोणाची?’ पऱ्याच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतून एकच मुलगी आमच्या शाळेत यायची. तिने लिहिलं, ‘आईची.’ मी तांबडी फुली मारली आणि शेजारी शेरा लिहिला, ‘वर्गात लक्ष दे.’ खरं सांगायचं तर रागच आला होता. घसा फोडून शिकवायचं आणि त्याचं हे फळ.

ऑगस्टमध्ये पऱ्याला पूर आला आणि तिच्या वाडीचा साकव वाहून गेला. पोफळीचे चार खांब आडवे टाकून बांधलेला पूल तो, पण तिची शाळेची वाट त्याच्यावरूनच होती. आदल्या वर्षीही ती अशीच महिनाभर घरी बसली होती, आणि तेव्हापासून तिची आजी तिला मुंबईला काकाकडे पाठवा म्हणून हटून बसली होती. मी फोन केला तेव्हा तिची आई म्हणाली, “बाई, ह्या खेपेला शाळा बुडली तर आमची म्हातारी काय ऐकायची नाय. पोरगी जातेच मुंबयला.”

माझा तक्ता डोक्यात घेऊन मी निघाले. ग्रामपंचायतीत कळलं की ठराव कधीच वर गेलाय. वरच्या कचेरीत कळलं की पाहणी व्हायची आहे. तिच्याही वरच्या कचेरीतले साहेब सभेला गेले होते. सगळे नीट बोलले, एका ठिकाणी चहासुद्धा पाजला. खोटं कोणीच बोलत नव्हतं, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पऱ्यावर गेले. पाणी बरंच ओसरलं होतं, पण ओढ होती. पलीकडे पाच-सहा बायका कामाला लागल्या होत्या; त्यांचे पुरुष मुंबईत. एका घराने पोफळी तोडून दिल्या होत्या, एकाने दोर दिला होता, आणि हटून बसलेली आजी सगळ्यांसाठी भाकऱ्या घेऊन आली होती. मुलीची आई पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती. मला बघताच तिने दोराच्या टोकाला दगड बांधला आणि तो माझ्या बाजूला भिरकावला.

“बाई, आलाव तशा ह्या टोक धरा, नि झाडाला गुंडाळा. नायतर आमच्यातल्या एकीला पार तीन कोस रस्त्यावरना फिरून तिकडं यायला लागतं.”

मी दोर धरला. हात असे सोलवटून निघाले की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पलीकडून मुलगी ओरडली, “बाई, लक्ष द्या. दोर सैल होतोय.” तिच्या मनात काही नव्हतं. मी मात्र ओशाळले आणि दोर घट्ट ओढला.

सोमवारी ती आली. मी तिला चाचणीचा पेपर काढायला लावला, फुली खोडली, पूर्ण गुण दिले आणि चूक माझी होती असं सगळ्यांसमोर सांगितलं. तिने थोडा विचार केला.

“नाय बाई, तुमचा उत्तर पन बरोबरच हाय. ते अजून आले नायत, एवढाच.”

त्या लेकराला मी काय शिकवत होते!

मग सगळ्या वर्गाने मिळून जिल्हा परिषदेला अर्ज लिहिला. मजकूर मी सांगितला, अक्षर तिचं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. शेवटी एक ओळ मात्र मी सांगितलेली नव्हती. ‘तुम्ही येईपर्यंत साकव आई बांधेल, पण तिचे हात फार दुखतात.’

अर्जात असं लिहायचं नसतं, हे मी इतकी वर्षं शिकवत आले आहे. त्या दिवशी मी तांबडं पेन उघडलं नाही. तळहातावरचे दोराचे वळ अजून दुखत होते. त्याच हाताने मी खाली सही केली.