त्याईले म्हातारं करून दे

जैनथच्या बसथांब्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, अर्जाला लागणारे फोटो, सगळं करते. आठ वर्षं हेच केलं आणि मजेत केलं. पुढे शिकायचं मनातसुद्धा नव्हतं. ते आलं एका आजींमुळे.

भीमपूरकडच्या या आजी जाऊबाईंना सोबत घेऊन आल्या होत्या. कडा झिजलेला एक छोटा फोटो त्यांनी माझ्या हातात दिला. त्यात दाट केसांचा, पंचविशीतला तरुण होता.

"हे आमचे मालक. जाऊन चाळीस वर्सं झाली. आता नातवाचं लगीन आहे. भिंतीवर आमचा जोडीनं फोटो पाह्यजे."

मी आजींचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर त्या तरुणाला शेजारी बसवलं. पडद्याकडे बघून आजी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अवं माय! हा त माहा पोरगा दिसून राह्यला!"

"मग तुमाले जवान करू का, आजी?"

"मले काऊन? मी मेहनतीनं म्हातारी झाली. त्याईले म्हातारं करून दे."

असं काम मी कधी केलं नव्हतं. ते कसे दिसले असते, हे मी दोघींना विचारलं आणि वाद पेटला. जाऊबाई म्हणाल्या, "यायच्या घरात चाळिशीत टक्कल पडते. आमच्या घरचेच पाहा ना." आजी उसळल्या, "माह्या मालकाले नसतं पडलं. मी रोज तेल लावलं असतं!"

केस राहिले, पण पांढरे झाले. आजोबांना गोड लय आवडायचं म्हणून गाल थोडे बसवले, दात पडलेच असते ना! कान जाऊबाईंच्या मोबाइलमधल्या त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे आजोबांच्या भावाच्या फोटोवरून घेतले. तेवढ्यात दोन बसा निघून गेल्या, पण दोघी उठायला तयार नव्हत्या. शेवटी आजींनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"आता बरोबर. आता हे माह्याशी भांडतीन."

त्या लग्नाचे फोटो काढायला मीच गेले. नवरदेव त्या फोटोच्या पाया पडला. मग आजोबांचे एक जुने दोस्त काठी टेकत आले, फोटोसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "अस्साच दिसे तो म्हातारपणी!"

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. जे म्हातारपण कधी आलंच नाही, ते या माणसाला आठवत होतं आणि ते मी माऊसनं बनवलं होतं! उजेड कळतो, कॅमेरा कळतो. पण चित्र माणसाच्या मनात जाऊन काय करतं, हे मला कुठे कळत होतं? ते शिकवतात तरी कुठे, म्हणून शोधत बसले, तेव्हा दृश्य संस्कृती या विषयात हैदराबादला एम.ए. करता येतं असं समजलं. अर्ज भरला.

मुलाखतीत विचारलं, "चालता स्टुडिओ सोडून हे कशाला?" मी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत हीच गोष्ट सांगितली. समोरचे तिघंही हसले, मग एकाच वेळी प्रश्न विचारायला लागले. अर्धा तास कसा गेला कळलंच नाही.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी एका मास्तरांचा फोटो काढत होते. मी जागच्या जागी उडीच मारली. मास्तर घाबरून उठले, कारण कळल्यावर मात्र समोरच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.