कोरी पाठ

आईचं घर माझ्या नावावर व्हावं म्हणून नागपुरातल्या एका कार्यालयात मी चार महिने खेटे घालत होतो. खिडकीतल्या बाबूंचं नाव मला अजून माहीत नाही.

पहिल्या खेपेला त्यांनी फाइल परत केली. "पृष्ठांकन नाही जी."

मी पानापानावर आकडे घालून नेले, तर त्यांनी पान उलटवलं. "पृष्ठ म्हणजे पाठ. पाठीवर आकडा कुठी हाये?"

"पण मागे काहीच लिहिलेलं नाही."

"मंग 'कोरे' लिहा ना. उद्या मागून कोणी काहीबी लिहून ठेवलं तं?"

हे ते इतक्या काळजीने बोलत, की तोंडावर रागावता येत नसे. बाहेर येऊन मात्र आम्ही रांगेतले सगळेच त्यांना पाठीमागे शिव्या घालत असू.

एका सोमवारी खिडकीशी रेटारेटी झाली. बाबू खडू घेऊन बाहेर आले आणि एकेकाच्या पाठीवर आकडा टाकत गेले. स्वतःचा आकडा कोणालाच दिसेना. मघाशी कोपरं मारणारे आता एकमेकांना अजिजीने विचारू लागले, "भाऊ, माह्या पाठीवर काय हाये गा?"

मी सतरावा, शेवटचा. त्यांनी माझी फाइल पुढून-मागून तपासली, शिक्का मारला. मग बाहेर येऊन खडू माझ्या हातात दिला आणि पाठमोरे उभे राहिले.

"माहं राहिलं जी."

"कोणता आकडा टाकू?"

"आकडा नको," ते म्हणाले. "कोरे लिहा."