जिभेवरचं चमचाभर सूप

बोंग-छीला बसवत नसे. बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. वानदान गावात लग्न असो, बारसं असो की देवळाची जत्रा, भर रस्त्यात पट्ट्यापट्ट्यांचे तंबू ठोकले जायचे, खाली गोल टेबलं लागायची, आणि मागे धडधडणाऱ्या भट्ट्यांपुढे ही बाई पदर खोचल्यासारखी उभी. आईबापाला पुन्हा मुलगीच झाली म्हणून त्यांनी नाव ठेवलं बोंग-छी, म्हणजे 'वाढेल आपली कशीतरी'. वाढली ती अशी वाढली, की तिने नुसता आवाज चढवला तरी वाढपी दचकायचे. "ए मढ्या, भात फिरायला नेलायस का? पळ!" पंगत उठली की उरलंसुरलं सगळं एका पातेल्यात उकळायची, पिशव्या भरायची आणि नको नको म्हणणाऱ्यांच्या हातात कोंबायची. तिच्या तंबूतून भुकेलं कुणी गेलं, असं कधी झालंच नाही. त्याचा तिला माज होता, आणि का नसावा?

तंबू उभारायचं काम नवऱ्याचं, थिआन-सेंगचं. एका साखरपुड्याच्या सकाळी तो लोखंडी सांगाड्यावरून घसरला तो थेट टेबलांच्या थप्पीवर आदळला. बरगड्या मोडल्या, फुप्फुसं ठेचली. शहरातल्या इस्पितळात त्याच्या तोंडातून घशात नळी घातली, श्वासाचं मशीन लावलं, आणि बायकोला सांगितलं, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास भेटायचं. बाकीचा वेळ बाहेर बसायचं.

बसायचं! बोंग-छी इस्पितळाच्या त्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायची. बाकावरच्या लोकांच्या डब्यांत डोकावायची. "हे मासे कुणी तळले? आत कच्चे आहेत." दारावरचा रखवालदार शेवटी हात जोडून म्हणाला, "आजी, टेका हो जरा. तुम्हाला बघून मला गरगरतंय." "मग डोळे मीट," ती म्हणाली आणि पुन्हा फिरायला लागली.

आत यी-चुन नावाची नर्स होती, अंगाने काडी पण जिभेने सुरी. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "आजी, हात धुवायचे. पलंगाची उशाकडची बाजू वरच राहील, त्यांना आडवं करायचं नाही. आणि तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही."

"पाणी?"

"पाणीसुद्धा नाही."

"मग जगतो कशावर हा?"

यी-चुनने नाकातल्या बारीक नळीकडे आणि वर टांगलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. बोंग-छीने ते निरखून पाहिलं. भांडी विसळल्यावर उरतं तसलं गढूळ पाणी. "हे जेवण? अगं पोरी, हे मी डुकरांपुढेही ठेवणार नाही."

डॉक्टर शेन मात्र खुशीत होते. "फुप्फुसं सुधारताहेत. असंच राहिलं तर या आठवड्यात नळी काढू. फक्त ताप यायला नको. तोंडातली घाण नळीच्या कडेने खाली झिरपते, आणि यांना खोकून ती बाहेर टाकता येत नाही. न्यूमोनिया झाला तर मशीन सुटणार नाही. मग गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल."

भोक म्हटल्यावर बोंग-छीचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. आईबापाने दिलेलं अंग भोक पाडून पूर्वजांपुढे न्यायचं? गावात लोक असल्या माणसाला अर्धा गेलेलाच धरतात. तिने मनाशी घोकलं, ताप नको, भोक नको, या आठवड्यात नळी निघू दे.

आणि नेमक्या वन्सं उगवल्या. थिआन-सेंगची थोरली बहीण, आ-खिन. भावाला पाहिलं आणि बाहेर येऊन बोळभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गालफडं बघ त्याची! सगळ्या मुलखाला जेवू घालतेस, आणि माझा भाऊ उपाशी पडलाय. नळी काढली तर श्वास घ्यायला ताकद नको? ती काय त्या गढूळ पाण्याने येणार?"

"वन्सं, नर्स नाही म्हणते."

"नर्सला मूल तरी झालंय का? तिला काय कळतं ताकदीचं?"

बोंग-छी घरी गेली. मनातून तिला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. बाळंतिणीला ताकदीसाठी देतात तसं, तिळाच्या तेलात आलं कडक होईस्तो परतलं, गावठी कोंबडी घातली, आणि शिजवून शिजवून पातेलंभर पाण्याचं वाटीभर केलं. दुसऱ्या संध्याकाळी वन्संनी यी-चुनला पलीकडच्या बाजूला भावाच्या सुजलेल्या पायात गुंतवलं. बोंग-छीने इस्पितळाने भेटीसाठी घालायला दिलेल्या झग्याच्या आतून बाटली काढली आणि नळीच्या शेजारून चमचाभर सूप जिभेवर सोडलं.

थिआन-सेंगचे डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला नीट पाहिलं. गळ्याची घाटी हलली. अगंबाई, गिळलं की याने! तिने आणखी एक चमचा दिला. त्या संध्याकाळी घरी जाताना ती बसमध्ये चक्क बसली.

ताप आला तो एक दिवस सोडून. यी-चुन नळीतून कफ ओढत होती, तो पिवळाजर्द निघाला. डॉक्टर शेननी छातीचा फोटो उजेडावर धरला. उजवीकडे खाली पांढरा डाग होता. "न्यूमोनिया," ते म्हणाले.

"मी सूप घातलं," बोंग-छी म्हणाली. वन्संनी कोपराने ढोसलं, तरी ती थांबली नाही. "तोंडात. दोन चमचे. तो गिळला असं मला वाटलं."

यी-चुनचा चेहरा पडला. "आजी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस."

"त्यानेच झालं का, डॉक्टर?" बोंग-छीने विचारलं.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "नाही सांगता येणार. मशीनवर असताना तोंडात काही न घालताही हा होतो, आम्ही कितीही जपलं तरी. पण तुमच्या सुपाने नाही झालं, असंही मी म्हणणार नाही."

तिला वाटलं, यांनी चार शिव्या हासडाव्यात आणि मोकळं करावं. कुणी हासडल्या नाहीत. ती बोळात फिरत राहिली. हो मीच, नाही मी नाही, हो मीच. डोकं फुटायची पाळी आली. रखवालदारानेही आता तिला बसा म्हणणं सोडलं होतं.

गळ्याला भोक पडलं. मशीन सुटायला पुढे फार दिवस गेले, पण सुटलं. थिआन-सेंग साध्या खोलीत आला, गळ्यात आखूड नळी, नाकात ती बारीक नळी तशीच. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलायचे. गिळता येतं की नाही याची तपासणी व्हायची होती. तोवर तोंडात काही नाही, असं तिथल्या नर्सनेही सांगितलं होतं.

त्या दुपारी वन्सं थर्मास घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि खोलीभर आल्यातेलाचा वास पसरला. थिआन-सेंगने मान वळवली. ओठ हलले. दोघींनाही कळलं. भूक.

"बघ, मागतोय!" वन्सं म्हणाल्या. "आता काय ते मशीन नाही. दे गं."

"नाही."

"अगं, जीव तरसलाय त्याचा. दगड आहेस का?"

"आहे दगड. थर्मास बंद करा, वन्सं."

थिआन-सेंगने तिचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. ओठ पुन्हा हलले, सावकाश, शब्द तोडून तोडून, तिला नीट कळावं म्हणून. ती वाकली.

त्या दिवशी दिलंस. छान होतं.

गुंगीत, नळ्यांच्या त्या जंजाळात, तेवढेच दोन चमचे त्याच्या ध्यानात राहिले होते.

"दिलं होतं," ती म्हणाली. "आता नाही देणार, म्हाताऱ्या. चिडायचं तर चीड."

तिने थर्मासचं झाकण स्वतः आवळलं, तो वन्संच्या हातात दिला आणि त्यांना दारापर्यंत सोडून आली. परतली तेव्हा नवऱ्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली आणि त्याची पाठ बघत राहिली.