अराकारीवाल्या मावशी

“आत सरका की! पाठीमागं सगळं रान मोकळं हाय!”

माझ्या जनावरांच्या दवाखान्यात मावशी पहिल्यांदा आल्या त्या हे ओरडतच. बाकावर दोन कुत्री, एक शेळी आणि त्यांचे मालक दाटीवाटीनं बसले होते. पाठीमागं रान नव्हतं, भिंत होती. तरीही सगळे सरकले, शेळीसुद्धा. एसटीत कंडक्टर म्हणून अर्धा जन्म काढलेल्या बाईचा आवाज होता तो. असा आवाज आला की माणूस आधी सरकतो, मग विचार करतो. तुम्हीही सरकला असता.

हातात पिंजरा. आत हिरव्या पाठीचा, हळदीसारख्या पिवळ्या पोटाचा, तपकिरी डोक्याचा एक पक्षी. अंगानं पोपटाएवढा, पण चोच अशी की ती आधी बनवली आणि मग उरलेल्या मालात पक्षी बसवला.

“ह्ये नाक बघा,” मावशी म्हणाल्या. “खाईना झालंय.”

मी मूळचा म्हशींचा डॉक्टर. पक्ष्यांतलं माझं ज्ञान कोंबडीपाशी सुरू होऊन पोपटापाशी संपतं. तरी मी गंभीर चेहरा करून वाकलो. पक्ष्यानं नेम धरून माझ्या चष्म्यावर शिटलं.

“हां, एवढं मातर जोरात करतंय,” मावशींनी माहिती पुरवली.

पक्षी त्यांच्या मुलाचा. त्यानं हौसेनं आणला, ‘सरपंच’ असं नाव ठेवलं आणि नोकरी लागताच बेंगळुरूला निघून गेला. “आन् ह्ये नाक ठिवलं माझ्या उरावर,” मावशी म्हणाल्या. सरपंच बोलायला शिकेल अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ‘राम राम’ शिकवलं, ‘चहा घे’ शिकवलं. सरपंच शिंकल्यासारखा एकच आवाज काढायचा आणि पपईची फोड छताला फेकायचा.

एका प्राणिसंग्रहालयात काम करणाऱ्या माझ्या वर्गमित्राला मी व्हिडिओ कॉल लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, “अरे, हिरवा अराकारी आहे हा. मोठ्या चोचीच्या टुकान पक्ष्याच्या कुळातला, त्या मानानं अगदी बुटका. दक्षिण अमेरिकेतल्या सखल जंगलांत राहतो. आणि डोकं तपकिरी आहे ना? मग मादी आहे. नराचं डोकं काळं असतं.”

मी भीतभीत मावशींना सांगितलं, की सरपंच बाई आहे.

“मग काय झालं?” मावशी म्हणाल्या. “आमच्या गावात बी सरपंच बाईच हाय.”

मित्रानं खाण्याचं विचारलं. मावशी अभिमानानं सांगू लागल्या. अशक्त दिसतंय म्हणून रोज गूळ, मनुका, खजूर. रक्त वाढावं म्हणून. मित्राचं हसू थांबलं. या जातीच्या पक्ष्यांना लोह पचत नाही, ते यकृतात साठत जातं आणि शेवटी जीव घेतं, असं तो म्हणाला. गूळ, मनुका सगळं बंद. पपई आणि केळ द्यायचं. शिवाय गार केलेला कोरा चहा, त्यानं लोह अंगात कमी मुरतं.

मावशींनी पिंजरा जवळ ओढला. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजी मीच खाऊ घालून मारत व्हते व्हय?”

मी चष्मा पुसला. म्हटलं, “मावशी, वेळेवर आणलंत.” ते खरं होतं की नाही, मला तरी कुठं माहीत होतं?

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मावशी फोन कानाला लावत नसत, स्पीकर लावून, हातात धरून त्याच्यावर ओरडत. त्यामुळं मुलाचं बोलणं शेळीलाही ऐकू गेलं. “आई, आजारी पक्ष्यावर कशाला खर्च करतीस? देऊन टाक कुणाला तरी. नवीन घेऊ.”

“तुला बी ल्हानपणी कावीळ झालती,” मावशी म्हणाल्या. “दिला व्हता का मी तुला कुणाला?”

फोन बंद. बाकावरचे सगळे खाली बघू लागले.

सरपंच जगली. मावशींनी पथ्य असं पाळलं की बघत राहावं. सकाळी दोन वाट्या चहा गाळायचा, दोन्ही कोऱ्या. तिला एकटीला असलं पाणी प्यायला लावणं बरं दिसत नाही म्हणून स्वतःही तेच प्यायचं. दुधाच्या जिल्ह्यात हा त्याग थोर होता. शिवीगाळ अर्थात चालूच. “झोपतंय बघा कसं,” त्या कौतुक लपवत म्हणायच्या. “शेपूट पाठीवर घेऊन. इस्त्रीच्या कापडागत घडी घालून ठिवलंय जणू.”

पुढं एका कडक उन्हाळ्यात त्या टॉवेलाची गुंडाळी घेऊन आल्या. त्या दिवशी कुणालाही सरकवलं नाही. टेबलावर टॉवेल उघडून म्हणाल्या, “झोपलीया का बघा.”

मी स्टेथोस्कोप लावला. उगाच जास्त वेळ लावून ठेवला.

“सांगा की त्वांडानं,” त्या म्हणाल्या. “डागदर हाय न्हवं तुमी?”

मी सांगितलं. त्यांनी टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या. सोबत पिंजरा नाही, काही नाही. बाकावर बसल्या. नंबर आल्यावर म्हणाल्या, “माझं काय न्हाय. त्या बोकडाला घ्या आधी, त्याचं प्वाट फुगलंय.” मग रोजच येऊ लागल्या. कुणाचं जनावर जास्त आजारी, कोण मागून येऊन पुढं घुसतंय, कुठलं कुत्रं कुणाला चावेल, सगळा निवाडा त्याच करायच्या. एका बड्या माणसाच्या अल्सेशियनला त्यांनी म्हाताऱ्या मांजरामागं बसवलं. अल्सेशियन बसला, बडा माणूसही बसला. मी एक दिवस म्हटलं, “मावशी, दमता हो तुम्ही.” त्या म्हणाल्या, “घरात कुणावर वरडू?”

गेल्या पावसाळ्यात भाजी मंडईत भावावरून भांडता भांडता त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. भाजीवाला मला भेटून रडला. म्हणाला, “शेवटी मी त्यांच्याच भावानं देणार व्हतो, डॉक्टर.”

त्यानंतरच्या सोमवारी दवाखान्यात तुडुंब गर्दी. कुणाचं तरी कुत्रं शेळीच्या अंगावर गेलं, शेळी औषधांच्या कपाटात शिरली, दोन मालकांची जुंपली. मी हातमोजे घालूनच बाहेर आलो आणि जमेल तेवढा आवाज चढवून विचारलं, “आता कुणाचा नंबर?”

सगळे एकदमच बोलायला लागले.