बिनकाट्याचा गळ आणि शहागडची मरळ

होळीच्या आधीच्या आठवड्यात नर्मदा, म्हणजे माझी बायको, माहेरी निघाली तेव्हा मी सहज म्हणालो, "मी पण येतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासुरवाडीला मी आपणहून कधी निघालो नव्हतो. पिशवीची चेन ओढता ओढता तिनं माझ्याकडं पाहिलं.

"सासुरवाडीला यायचंय का नदीला?"

तिचं माहेर शहागडचं, गोदावरीच्या काठचं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

मी जालन्याकडच्या टेंभुर्णीत पंप आणि पाइपांचं दुकान चालवतो. लहानपणी शाळा सुटली की गळाला गांडूळ लावून डोहावर बसायचो. पुढं गळ्यात तुळशीची माळ आली, मासे खाणं सुटलं आणि गळही सुटला. पाण्याची ओढ मात्र गेली नाही. दोनेक वर्षांपूर्वी मोबाइलवर नकली बेडूक फेकून मासे धरणारे लोक पाहिले आणि वाटलं, हे आपल्याला जमेल. जिवंत आमिष लावायचं नाही. गळाच्या टोकामागं जो उलटा काटा असतो, जो तोंडातून गळ निघू देत नाही, तो पकडीनं दाबून सपाट करायचा. आणि आलेला मासा परत पाण्यात.

ठरवलं ते छान होतं, पण आजवर एकही मासा हातात आला नव्हता. लागायचे आणि सुटायचे. नर्मदेला तर मुळातच हे पटत नव्हतं. "सोडायचंच आहे तर मुक्या जिवाला टोचायचं कशाला?" असं ती दर वेळी विचारायची. निघायच्या दिवशी ती म्हणाली, "या खेपेला एक तरी मासा धरून, धडधाकट सोडून दाखवा. न्हाईतर ती काठी भागवतला देऊन टाका." भागवत तिचा धाकटा भाऊ. माझ्या काठीवर त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून होता. मी बरं म्हणालो. बाहेर पडल्यावर लक्षात आलं, फार मोठं बोलून बसलो.

तुमच्यापैकी कुणाला हा नाद करायचा असेल तर सामानाचं आधी सांगतो. मरळीसाठी सात फुटांची, जरा कडक काठी घ्या. फार लवचीक काठीनं मासा गवतातून बाहेर ओढता येत नाही. रीळ मध्यम, त्यावर विणलेली बारीक दोरी आणि पुढं हातभर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. मरळीला दात असतात, नुसती दोरी टिकत नाही. काठी आणि रीळ मिळून अडीच-तीन हजारांत काम भागतं, सुरुवातीला त्याहून जास्त खर्च करू नका. माझी काठी दोन तुकड्यांची. ती ठेवायला दुकानातलाच पीव्हीसीचा पाइप कापला आणि दोन्ही टोकांना टोपणं बसवली.

तो पाइप मोटारसायकलला आडवा बांधून सकाळी निघालो. नर्मदेनं त्याला हात लावला नाही. वाटेत गुडघ्याला लागला तर म्हणाली, "तुमची दुसरी बायको जरा सरकवा तिकडं."

जालन्यात पेट्रोल भरलं आणि अंबडला थांबलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, इथलं मत्स्योदरी देवीचं देऊळ ज्या टेकडीवर आहे, तिचा आकार माशासारखा आहे. पायऱ्या चढून दर्शन घेतलं. वर वारा छान होता. उतरताना नर्मदा म्हणाली, "माशाच्या देवीला मासा मागितला असंल!"

"न्हाई मागितला."

"मंग इतका वेळ डोळे मिटून काय करून राह्यले होते?"

खरं तर मागितला होता. पण सोडायला मागितला होता, असं मनातल्या मनात देवीला दोनदा सांगितलं होतं.

वडीगोद्रीला मोठा रस्ता लागतो. अंकुशनगरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागं बराच वेळ रखडलो. दुचाकीवाल्यांनो, तिथं घाई करू नका. ट्रॉलीतून ऊस खाली पडतो आणि तो उचलायला लोक धावत रस्त्यात येतात. दुपारी शहागडला पोचलो. पिठलं, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवून हात धुतो न धुतो तोच भागवत पाइपाचं टोपण उघडून आत डोकावत होता.

"दाजी, काठी बराबर आणली ना? उद्या हितंच राहणारे म्हणं."

म्हणजे बहिणीनं भावाला आधीच फोन केला होता.

गावाजवळच्या बंधाऱ्यामुळं नदीचं पाणी तुंबून वर पसरतं. तिथं मासेमारीचा ठेका असतो, त्यामुळं आधी विचारून घ्यावं. आम्ही विचारलं. आम्ही मासा नेणार नाही, परत सोडणार, हे ऐकून ठेक्यावरचा माणूस हसला आणि म्हणाला, "मंग खुशाल जा."

पहिल्या संध्याकाळी मी आमिष चुकीचं निवडलं. पोटाखाली तीन तोंडांचे गळ लटकणारा चकचकीत नकली मासा दोरीला बांधला. दर फेकीला जलपर्णीची एक जुडी बाहेर यायची. भागवत शेजारी पिठाच्या गोळ्या लावून निवांत बसला होता. "दाजी, गुरांना चारा झाला. आता मासा बघा." मग मी रबरी बेडूक काढला. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळं तो पानांवरून सरकत येतो. घाईघाईत बांधला, फेकला, टुकटुक ओढत आणला आणि पानांच्या कडेला पाणी फुटलं. बेडूक गडप. हाताला वजन लागलं. जिवंत, दणकट वजन.

आणि पुढच्याच क्षणी दोरी ढिली. गेला.

"काय झालं?" मी वेड्यासारखं पाण्याकडं पाहत म्हणालो.

भागवत पोट धरून हसत होता. "काय झालं म्हणता? मासा लागला आन् तुम्ही नमस्कार करून राह्यले!"

घरी त्यानं ते सगळ्या अंगणाला करून दाखवलं. केरसुणी डाव्या हातात, उजवा हात कपाळाला, डोळे मिटलेले. सासूबाईसुद्धा पदरात तोंड घालून हसल्या. मला मात्र सगळं उलगडलं. सकाळी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं की भवानीचे पैसे कपाळाला लावल्याशिवाय मी गल्ल्यात टाकत नाही. वडिलांची सवय, ती माझी झाली. काही मिळालं की हात आपोआप वर जातो. नदीवरही तेच होत असणार. मासा लागला की काठी डाव्या हातात, उजवा कपाळाला, रीळ थांबलेलं आणि मासा माझ्याकडं पळत येणारा. उलटा काटा असता तर क्षणभराचा ढिलेपणा चालून गेला असता. माझ्या गळाला काटाच नव्हता. दोन वर्षं मी गाठींना आणि दोरीला दोष देत होतो.

नर्मदा भाकरी वाढताना म्हणाली, "देव कुठं पळून चालला होता का? पळत तर मासा होता."

भागवत म्हणाला, "ताई, तू दाजींना शिकवू नको, माझी काठी जाईल."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर गेलो. थंडी ओसरताना पाणी जरा तापलं की मरळ कडेला येते. नर्मदाही आली, चपला काढून काठावरच्या दगडावर बसली. मी घाई केली नाही. जाड तंगूस नवं लावलं, गाठ थुंकीनं ओली करून ओढली, बेडकाचा एक रबरी पाय थोडा कापला. त्यामुळं तो सरळ न येता डावी-उजवीकडं डुलत येतो. गळ पुन्हा पकडीनं दाबून नखावर फिरवून पाहिले. काट्याची खूण लागत नव्हती.

बऱ्याच फेकी गेल्या. भागवत काठीकडं असं पाहत होता जसा लग्नाला आलेला पाहुणा पंगतीकडं पाहतो. मग दोन पानांच्या मधल्या चिरेत बेडूक थांबवला आणि पाणी फुटलं. नुसता आवाज आला म्हणून ओढायचं नसतं, वजन कळेपर्यंत दम धरावा लागतो. धरला. वजन आलं. झटका दिला.

उजवा हात उठला. खरं सांगतो, उठला. रिळाची मूठ सोडून कपाळाकडं निघाला.

"दाजी, हात!" भागवत ओरडला. ज्याला काठी हवी होती, तोच ओरडला.

हात जागेवर आला. काठी वाकलेली ठेवली, रीळ फिरवत राहिलो. मासा जलपर्णीत घुसला, बाहेर आला, एकदा पूर्ण हवेत उडाला आणि डोकं झटकलं. दोरी ताठच होती. मी पाण्यात गुडघाभर उतरलो, हात ओले केले आणि त्याला खालून आधार दिला. हाताएवढी मरळ, काळी पाठ, पोटावर पांढरे ठिपके. गळ बोटानं हलवला तर लोण्यातून निघावा तसा निघाला. रक्ताचा थेंब नाही.

"कालवण गेलं दोन घरांचं," भागवत कळवळून म्हणाला.

नर्मदा कधी पाण्याशी येऊन उभी राहिली कळलंच नाही. "लगेच सोडू नका," ती हळूच म्हणाली. "श्वास घेऊ द्या तिला."

पाण्यात धरून ठेवली. कल्ले उघडले, मिटले. मग शेपटीनं माझ्या तोंडावर पाणी उडवून ती खोलात गेली. तेव्हा नमस्कार केला, चिकट ओल्या हातानं. कपाळावरच्या बुक्क्याला दिवसभर मरळीचा वास येत होता आणि तो मी पुसला नाही. त्या क्षणी मला कुणी गावचा राजा केलं असतं तर मी नको म्हणालो असतो.

परत निघताना मी पाइप गाडीला बांधायला दोरी शोधत होतो. नर्मदा मागं बसली, पाइप मांडीवर आडवा घेतला आणि म्हणाली, "चला." अंकुशनगरच्या ट्रॉल्यांमध्ये ती मलाच ओरडत होती, "हळू, काठीला लागंल."

आता काठी देवघराच्या भिंतीला उभी असते. ती तिथं मी ठेवलेली नाही. टोचण्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण तो प्रश्न नर्मदेनं पुन्हा विचारलेला नाही. परवा भागवतचा फोन आला. त्यानंही आपल्या एका गळाचा काटा दाबून पाहिला होता.

"दाजी, एक विचारू? नमस्कार मासा सोडल्यावर करायचा ना?"

"हो."

"मी तर सोडतच न्हाई. मंग मी कधी करू?"

शेजारी बसून ऐकणाऱ्या नर्मदेनं माझ्या हातातून फोन घेतला. "तू आधी सोडायला शिक," ती म्हणाली. "दाजीला विचार कसं सोडायचं ते."