अकरा फेऱ्या

माझी मावशी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. दिवसाचे दहा तास उभी. चाळिशीत ती पहिल्यांदा पन्नास किलोमीटर धावली, मग शंभर, मग चोवीस तासांच्या शर्यती. मामा चिडवायचा, "ताई, एवढं पळून पोचतेस कुठं? निघालीस तिथंच!"

"आणि तू खुर्चीत बसून कुठं पोचलास रे?"

सेहेचाळिसाव्या वर्षी तिला देशाच्या संघात जायचं होतं. अट एकच: चोवीस तासांत दोनशे किलोमीटर. चारशे मीटरचा ट्रॅक, बुटाच्या नाडीला बांधलेली चिप, आणि प्रत्येक फेरी स्क्रीनवर आपोआप मोजली जाणार. मदतीला मी.

सतराव्या तासाला तिचे पाय सुजले. मी घाईघाईने तिच्या पायांत एक नंबर मोठे बूट चढवले आणि तिला पुढे ढकललं. चिप जुन्या बुटातच राहिली. मी इंजिनिअर, सेन्सरवरच पोट भरतो! ती अकरा फेऱ्या धावली, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की स्क्रीनवर तिचा आकडा जागचा हललाच नव्हता.

मुख्य पंचाकडे गेलो. त्या अकरा फेऱ्यांत त्याने स्वतः तिला दोनदा पाणी दिलं होतं.

"तुम्ही पाहिलंत ना तिला?"

"पाहिलं की. पण चिप नाही, तर फेरी नाही."

"मग पाणी कुणाला पाजलंत? भुताला?"

"आवाज खाली."

मावशीच्या बरोबरीने पळत मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शिव्या नंतर. आधी चिप बांध."

उरलेले तास ती नुसत्या संतापावर धावली. चोवीस तास संपल्याचा हूटर वाजला. अधिकृत आकडा: १९९ किलोमीटर ७८० मीटर. कमी पडले दोनशे वीस मीटर. आणि त्या अकरा फेऱ्यांचे होतात चार हजार चारशे!

पंच हात पुढे करून आला. "छान धावलात बाई. थोडक्यात हुकलं."

मावशीला वाकता येत नव्हतं. मला म्हणाली, "चिपवाला बूट काढ." मी काढला. तिने तो त्याच्या पुढे केलेल्या हातात ठेवला.

"तुमच्या लेखी हाच धावतो ना? मग यालाच पाठवा संघात."

त्याला बूट टाकताही येईना, धरताही येईना. मी तिला आधार द्यायला गेलो, तर तिने माझा हात झिडकारला. "तुझ्याकडे घरी बघते, इंजिनिअर."

एका पायात बूट, दुसऱ्यात रक्ताळलेला मोजा. तशीच ती फाटकापर्यंत चालत गेली.